तिसरं बटण

"आता काही होऊ शकत नाही," असं कुणी म्हटलं की गजाननराव बोधनकरांचा चेहरा खुलायचा. भुकेल्या माणसापुढे ताट यावं तसे ते सरसावून बसायचे, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचे आणि अगदी गोड आवाजात विचारायचे, "बरं, तुमच्या वर कोण बसते?"

जयपूरला बनीपार्कात आम्ही एकाच घरात भाड्याने राहत होतो. ते खाली, आम्ही वर. ते सरकारी विमा कंपनीत अधिकारी, माझे यजमान उमाकांत बँकेत. आम्ही साताऱ्याकडचे, बोधनकर अमरावतीचे. इतकी वर्षं राजस्थानात काढूनही त्यांच्या बोलण्यातलं वऱ्हाड रेसभरही कमी झालं नव्हतं, उलट खालच्या दूधवाल्याला थोडंफार यायला लागलं होतं.

या गृहस्थाने उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात कायमची होऊ दिली नाही. जोहरी बाजारातल्या ग्यारसीलालकडून विमलवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एक चुंदडी घेतली. ती नेसून वहिनींनी हळदीकुंकू केलं, पदरावर तिळगुळाचा डाग पडला, आणि त्यानंतर यांना वाटलं की हिरवी जास्त शोभली असती. ग्यारसीलालने हात जोडले, मग डोकं धरलं, मग मोठ्या भावाला बोलावलं, आणि शेवटी हिरवी दिली. आमच्या गल्लीत सगळ्यात गार वारा बोधनकरांच्या कूलरचा, कारण तो एकाच दुकानातून बदलून आणलेला चौथा कूलर होता. बदलीचे हुकूम तर त्यांनी किती फिरवले याची मोजदाद नाही. ऑफिसातले लोक आपापले हुकूम घेऊन त्यांच्याकडे यायचे, आणि हे वैद्याने नाडी पाहावी तसे हुकूम हातात धरून सांगायचे की हा फिरेल किंवा हा फिरेलच.

दुसरी सवय जागा धरून ठेवायची. बसमध्ये चढायच्या आधी खिडकीतून रुमाल आत जायचा. खिडकीची जागा त्यांचीच. विमलवहिनींच्या वाट्याला लग्नापासून मधली जागा आली आणि तिसऱ्या माणसाची टोपली. सरकारी नोकरीत माणूस दुसऱ्या खात्यात गेला तरी जुन्या जागेवरचा हक्क काही काळ राखून ठेवता येतो, त्याला कचेरीच्या भाषेत लिएन म्हणतात. गजाननराव सगळ्यावरच लिएन ठेवायचे. सोडलेल्या प्रत्येक घराची एक जादा किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असायची. आंघोळ करून उघडे बाहेर आले की किणकिण वाजत यायचे. अकोल्याचं घर सोडून दहा वर्षं झाली होती, घरमालक वारला होता, कुलूपसुद्धा बदललं असेल, पण किल्ली होती.

त्या अकोल्याची गोष्ट विमलवहिनींनी मला एकदाच सांगितली, तीही शेवया वळताना, वर न पाहता. जयपूरची बदली झाली तेव्हा गजाननराव एकटेच इकडे आले. हुकूम फिरला तर घर हातचं जायला नको म्हणून वहिनींना तिथं ठेवलं. हुकूम काही फिरला नाही, पण फिरेल फिरेल म्हणत दीड वर्ष गेलं. मुलगी तेव्हा नागपूरला वसतिगृहात. वहिनी एकट्या त्या घरात, अर्ध्या बांधलेल्या सामानात, एक पातेलं आणि एक परात बाहेर काढून राहिल्या. "दिवा लावायचा, दार लावायचं. एवढंच काम होतं मला," त्या म्हणाल्या. मला गजाननरावांचा असा राग आला की त्या दिवशी मी त्यांना चहा दिला तो बिनसाखरेचा दिला. त्यांना तो आवडला.

तर सत्याऐंशी सालच्या मे महिन्यात आमच्या घरात काँप्युटर आला. माझी नणंद अलका आमच्याकडेच राहायची आणि एका सरकारी शाळेत गणित शिकवायची. शाळेला एक काँप्युटर मिळाला होता, शिकवायचं प्रशिक्षण अलकाला मिळालं होतं, आणि मुख्याध्यापकांना धाक मिळाला होता. सुट्टीत बंद खोलीत यंत्र उन्हाने वितळेल या भीतीने त्यांनी ते रीतसर सही घेऊन अलकाच्या घरी पाठवलं. आमचा कूलर पाण्यापेक्षा आवाजच जास्त फेकायचा. तेव्हा यंत्र खाली बोधनकरांच्या बैठकीत, त्या चौथ्या कूलरसमोर बसवलं. वहिनींनी त्याला हळदकुंकू वाहिलं. अलकाने ते कळपाटीच्या फटीतून ब्रशने काढलं.

प्रशिक्षणात कुणीतरी अलकाला एक खेळाची फ्लॉपी दिली होती. गोळ्या झाडायचा खेळ नव्हता. चित्रंही नव्हती, काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं. तुम्ही एका तांड्याचे नायक. मिठाची पोती लादून उत्तरेच्या शहरात हिवाळ्याआधी पोचायचं. सोबत एक वाटाड्या, एक पहारेकरी, एक स्वयंपाकीण आणि एक खेचर. वाटेत लोक भेटतात, प्रसंग येतात, यंत्र विचारतं आणि तुम्ही हो म्हणायला वाय दाबायचं, नाही म्हणायला एन. जे कराल त्याचं फळ मिळणार. अलकाने एक गोष्ट सुरुवातीलाच बजावून सांगितली होती. बटण दाबलं की यंत्र आधी ते फ्लॉपीवर लिहून ठेवतं आणि मग काय झालं ते सांगतं. मागे जाता येत नाही. सगळं सोडून पहिल्यापासून सुरू करता येतं, पण मग जुनं पुसलं जातं.

"मागे जाता येत नाही?" गजाननराव म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

पहिल्या दिवशी विहीर लागली. विहीरवाल्याने पखालभर पाण्याला मिठाचं एक पोतं मागितलं. बाजारात भाव पाडायची जी रीत गजाननरावांना ठाऊक होती तीच त्यांनी वापरली. नाही म्हणायचं आणि चालू लागायचं, दहा पावलांवर दुकानदार हाक मारतोच. ते एन दाबून हात बांधून बसले. थोड्या वेळाने त्यांनी अलकाला विचारलं की तो हाक मारून राहिला का. अलकाने सांगितलं की आपण त्याच्यापासून दोन मजल पुढे आलो आहोत. आणखी दोन बटणांत सगळा तांडा तहानेने मेला, खेचरासकट. गजाननराव म्हणाले की त्या विहीरवाल्याला धंदा करता येत नाही.

दुसऱ्या वेळी त्यांनी जास्त मन घातलं. सोबत्यांना नावं देता येतात असं अलकाने सांगितल्यावर वाटाड्याचं नाव उमाकांत ठेवलं, पहारेकऱ्याचं अलका, स्वयंपाकिणीचं अर्थातच विमल. उरलेल्या खेचराचं नाव मला दोन दिवसांनी कळलं, तेही अलकाला हसू आवरेना म्हणून. मी खाली जाऊन विचारलं, की भाऊजी, खेचराला माझंच नाव सापडलं का? त्यावर ते अतिशय गंभीरपणे म्हणाले की सगळं ओझं त्याच्यावरच असते वहिनी, विश्वासाच्या माणसाचंच नाव द्यायला पाहिजे ना. कपाळ माझं.

वाटाड्या उमाकांतने तांडा वाळूत भरकटवला. खरा उमाकांतही तसाच, चांदपोलला जायचं तर मला विचारून निघायचा. गजाननराव चिडले. त्यांना वाटाड्याला निलंबित करायचं होतं, चौकशी होईपर्यंत. यंत्रात तेवढी सोय नव्हती, काढून टाकायचं का एवढंच ते विचारत होतं. त्यांनी वाय दाबलं आणि सांगितलं की समज देऊन मग परत घेऊ. दुसऱ्या दिवशी उमाकांत दरोडेखोरांना जाऊन मिळाला आणि त्यांना घेऊन तांड्यावर चालून आला. मीठ कुठल्या पोत्यात आहे ते त्याला नेमकं माहीत होतं. हे संध्याकाळी बँकेतून आलेल्या माझ्या नवऱ्याला सांगितलं, तर तो रात्रीचं जेवण होईपर्यंत शीळ घालत हिंडत होता. आयुष्यात कुणी त्याला इतकं धोकादायक समजलं नव्हतं.

गजाननरावांनी त्याला परत घ्यायचा प्रयत्न करून पाहिला. प्रत्येक दरोडेखोराला नाव विचारलं, माफी देऊ केली. मग त्यांनी अलकाला विचारलं की हा खेळ बनवणाऱ्याच्या वर कोण बसते. अलका म्हणाली कुणी नाही. असं कसं होईल, ते म्हणाले, कोणी ना कोणी तर बसतच असेल. फ्लॉपीच्या पाकिटावर पत्ता आहे का तेही त्यांनी उन्हात धरून पाहिलं.

एकदा वाटेत एक फाटा लागला, डावीकडे डोंगर, उजवीकडे दलदल. गजाननरावांचं बोट दोन बटणांच्या मधे तरंगत राहिलं. चहा झाला, पेपर वाचून झाला, बोट तिथंच.

"अलका, इथं तिसरं बटण नाही का?"

"तिसरं कशाला काका? हो आणि नाही, दोनच तर उत्तरं."

"विचाराधीन," ते म्हणाले.

अलका वर येऊन पलंगावर पडून हसली. मला मात्र तेव्हा हसू आलं नाही, कारण त्याच सकाळी ऑफिसातून त्यांच्या बदलीचा हुकूम आला होता. बिकानेर. आठ दिवसांत नव्हे, अगदी सावकाश, जुलैच्या सुरुवातीला हजर व्हायचं होतं. गजाननरावांना त्याची अजिबात चिंता नव्हती. त्यांनी त्याच दिवशी वरती अर्ज रवाना केला आणि वहिनींना योजना सांगितली. आपण एकटेच बिकानेरला जाऊन हजर व्हायचं, तिथं धर्मशाळेत किंवा कुठंही पडायचं. वहिनींनी जयपूरचं घर धरून ठेवायचं. हुकूम फिरला की परत. फारतर सहा महिने.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या कधीच बोलायच्या नाहीत, आणि गजाननराव त्याला होकार धरायचे. मी मात्र त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावले तर त्या मांडणीवरची भांडी एकेक करून खाली उतरवत होत्या. सगळी नाही. एक पातेलं आणि एक परात तेवढी वर ठेवली होती. मी मदतीला वाकले तर त्या म्हणाल्या, राहू दे गं, मला सवय आहे.

रविवारी दुपारी तांडा मोठ्या नदीपाशी आला. झोपलेला उमाकांत सोडला तर आम्ही सगळेच खालच्या बैठकीत होतो, कारण वर पंख्याखाली बसणं म्हणजे तव्यावर बसणं होतं. अलका वाचून सांगत होती. नावाडी म्हणतो आहे की नदीला पाणी चढतंय, पलीकडे गेलेला माणूस परत येऊ शकणार नाही. पलीकडचं काय ते त्यालाही ठाऊक नाही. अलीकडच्या काठावर एक सराई आहे. तुमचं कुणी माणूस तिथं ठेवून गेलात तर खोली तुमच्या नावावर राहील.

गजाननरावांनी मांडीवर थाप मारली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा यंत्र त्यांच्या भाषेत बोललं होतं.

"पाहा! इथंही लिएन आहे."

अलकाने त्यांना सावध केलं. नावाडी दोनदा तेच सांगतोय काका, परत येता येत नाही, मग खोली काय करायची? पण गजाननराव आता कुणाचं ऐकत नव्हते. परत येता येत नाही असं म्हणणारा नावाडी म्हणजे त्यांच्या दृष्टीने काउंटरवरचा कारकून होता, त्याच्या वर कोणीतरी बसत असणारच. कुणाला ठेवायचं असं यंत्राने विचारलं. पहारेकरी पुढे लागणार होता, खेचरावर मीठ होतं. त्यांनी स्वयंपाकिणीचं नाव टाकलं आणि वाय दाबलं.

फ्लॉपी कुरकुरली. नेमक्या त्याच वेळी विमलवहिनी पन्ह्याचे पेले घेऊन आल्या. अलका पुढचं वाचायला लागली आणि मधेच थांबली. पडद्यावर वहिनींचं नाव इंग्रजीत होतं, आणि त्यांना तेवढं इंग्रजी येत होतं.

"विमल म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

अलकाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर ती गणित शिकवते. तिने जसं होतं तसं वाचून दाखवलं. तांडा पलीकडे पोचला. पुरात होडीचा धक्का वाहून गेला. विमल काठावर उभी राहून वाट पाहते आहे. ती आता तुमच्या तांड्यात नाही.

वहिनींनी पेल्यांचं ताट टेबलावर ठेवलं. एक पेलाही हलला नाही.

"तिथंही जागा धरायला मलाच ठेवलं का तुम्ही?"

रागाने नव्हे. भाजीत मीठ घातलं का, असं विचारावं तशा आवाजात. आणि त्या आत गेल्या. गजाननरावांनी अलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड फिरवलं.

पुढे जे झालं ते गल्लीभर झालं. गजाननराव उठले आणि जिन्याखालच्या पेटीपाशी जाऊन त्यांनी अख्ख्या घराचा मेन स्विच बंद केला. यंत्र बंद पडलं, चौथा कूलर बंद पडला, वर उमाकांतचा पंखा बंद पडला आणि तो बनियनवर खाली आला. गजाननरावांचा तर्क असा की यंत्राला एकदम घेरी आली तर ते शेवटचं विसरेल. आम्ही सगळे घामाने निथळत उभे. मग वीज आली, अलकाने फ्लॉपी पुन्हा लावली, अक्षरं पुन्हा उमटली. विमल वाट पाहत होती.

त्यानंतर त्यांनी काय काय केलं ते सांगत बसले तर पावसाळा येईल. त्यांनी नदीकाठाने वर जाऊन उतार शोधला. नावाड्याला मिठाची तीन पोती देऊ केली, त्याने घेतली आणि होडी नाही म्हणाला. पलीकडच्या गावात पाटील शोधला, पाटलाच्या वर सुभेदार शोधला. सुभेदाराने ऐकून घेतलं, आणखी एक पोतं ठेवून घेतलं आणि सांगितलं की नदी माझ्या अखत्यारीत येत नाही. हे उत्तर गजाननरावांनी स्वतः कितीतरी लोकांना दिलेलं होतं. ते ऐकून त्यांना जे झालं ते मी पाहिलं आहे. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसलाच नाही, नुसता हातात धरला.

अलकाने सुचवलं की पहिल्यापासून सुरू करूया काका, विमलकाकूंना या वेळी सोबत नेऊ. पण त्यांनी मान हलवली. ती दुसरी विमल होईल, ते म्हणाले. ही तर तिथंच राहील ना.

इकडे घरात वहिनींनी त्यांच्याशी भांडण काढलं नाही, जेवायला नीट वाढलं, पण पातेलं आणि परातसुद्धा मांडणीवरून उतरली. एका सकाळी त्या देवघर गुंडाळत होत्या. गजाननरावांनी विचारलं की हे काहून बांधून राहिली. त्या म्हणाल्या, "मी काही आता जागा धरून नाही राहणार. तुमच्याबरोबर येऊ नको म्हणाल तर पोरीकडे पुण्याला जाईन. पण कुलपाला राखण बसणार नाही." लग्नानंतरचं हे त्यांचं सगळ्यात लांब बोलणं असावं. गजाननरावांनी नेहमीप्रमाणे पाहू म्हटलं. आपण नंतर निवांत पाहू. म्हणजे विचाराधीन.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी यंत्र परत जायचं होतं. त्या सकाळी गजाननरावांनी दाढीसुद्धा केली नाही, तांडा शेवटच्या शहरापर्यंत न्यायचाच म्हणून बसले. त्यांच्या मनात काय होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. शेवटी काहीतरी सोय असेल. शेवटी सगळे भेटत असतील. एवढा मोठा खेळ कुणी लिहिला तर त्यात तेवढं तर ठेवलंच असेल.

तांडा पोचला. अर्ध्या पोत्यांवर, पण पोचला. पहारेकरी अलका पोचली. खेचर विभा पोचलं, त्याला शहराच्या वेशीवर हार घातला गेला, हे मी इथं मुद्दाम नमूद करते. मग मागे राहिलेल्यांबद्दल एकेक ओळ आली. उमाकांत दरोडेखोरांचा नाईक झाला होता. शेवटची ओळ विमलची होती. अलका वाचायला पुढे झाली, पण गजाननरावांनी हात वर करून तिला थांबवलं आणि स्वतःच वाचली. सोपं इंग्रजी होतं, मीसुद्धा वाचली. बर्फ पडेपर्यंत विमल रोज संध्याकाळी काठावर दिवा लावत राहिली.

ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत वहिनी दाणे निवडत होत्या. मी कान देऊन ऐकलं, ऐकणारच. मला वाटलं आता हा माणूस माफी मागेल, रडेल, काहीतरी बोलेल.

"भांडी सगळी घे," ते म्हणाले. "ते मोठं पातेलंही."

एवढंच. पण वहिनींच्या हातातलं सूप थांबलं, आणि बराच वेळ थांबलेलंच राहिलं.

घरमालकाला खोल्या सोडतो म्हणून सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना, तो मला येऊन दोनदा विचारून गेला. बदलीविरुद्धचा अर्ज वरती गेलेला होता तो गेलेलाच राहिला. मागे घ्यायलाही अर्ज लागतो, आणि इतक्या लवकर उत्तर कुठलं यायला, असं गजाननराव म्हणाले. अकोल्याचा तेवढा सोडला तर त्यांचा एकही अर्ज आजवर वाया गेला नव्हता हे ते विसरले होते, किंवा तसं दाखवत होते.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रक दारात लागला. ट्रंका चढल्या, देवघर चढलं, कूलर चढला. विमलवहिनी ड्रायव्हरशेजारी मधल्या जागेवर जाऊन बसल्या, मांडीवर लोणच्याची बरणी. खिडकीशी गजाननरावांचा रुमाल पडलेला होताच. मी वर पोळ्यांचा डबा आणायला गेले आणि फोन वाजला. गल्लीत फोन आमच्याकडेच होता, बँकेच्या कृपेने, आणि बोधनकरांच्या ऑफिसकडे तो नंबर दिलेला होता.

पलीकडून त्यांचा हेडक्लार्क आनंदाने ओरडत होता. बदली रद्द झाली होती. साहेबांना थांबवा, मिठाई तयार ठेवा. मी रिसीव्हर ठेवला आणि तिथंच उभी राहिले. सांगू नये असं मला मनापासून वाटलं. दोन मिनिटं उशीर केला असता तर ट्रक गेला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पण ती बातमी त्यांची होती, माझी नव्हती. मी डबा घेऊन खाली गेले आणि सांगितलं.

गजाननराव ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे होते. तो पाय खाली आला. त्यांचा चेहरा खुलत चालला, तोच जुना चेहरा. वहिनींनी सगळं ऐकलं होतं. बरणीवर दोन्ही हात ठेवून त्या समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिल्या. ड्रायव्हरने विचारलं की चलना है या उतारना है साहब.

गजाननरावांनी एकदा घराकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे.

"चलना है," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "विभावहिनी, पुन्हा फोन आला तर सांगा, साहेब निघून गेले."

"तुम्ही तर इथंच उभे आहात."

"निघूनच राहिलो ना. तिथं पोचलो की अर्ज करतो."

"आता कसला अर्ज?"

"बदली रद्द केली ती रद्द करा म्हणून," ते म्हणाले. "होईल. वरती ओळख आहे."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम, आणि मला हा प्रकार मुळीच आवडत नाही. तेवढ्यात त्यांनी शर्टाच्या गळ्यातून हात घातला, जानवं बाहेर ओढलं आणि एक किल्ली सोडवायला लागले. गाठ जुनी होती. दातांनी सोडवली. खालच्या घराची जादा किल्ली माझ्या हातावर ठेवून त्यांनी मूठ मिटवली.

"मालकाला देऊन टाका. अन् मी मागितली तर मला देऊ नका."

"तुम्हाला ओळखते मी," मी म्हटलं. "नाही देणार."

ते चढले, दार लागलं, ट्रक हलला. बिकानेरकडे जाणाऱ्या चौमूच्या रस्त्याला लागायचं तर आमच्या गल्लीच्या टोकाला उजवीकडे वळावं लागायचं. तिथं कडुलिंबाखाली इस्त्रीवाल्याच्या गाडीपाशी ट्रक थांबला. दार उघडलं आणि गजाननराव खाली उतरले.

मी किल्ली इतकी आवळली की तिचे दात तळहातात रुतले. माझ्या मनात मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. ते मात्र माझ्याकडे वळलेच नाहीत. त्यांनी वहिनींच्या हातातली बरणी घेतली, त्यांना हात देऊन खाली उतरवलं, स्वतः आधी चढून मधे सरकले आणि मग बरणी मांडीवर ठेवून त्यांना वर घेतलं. वहिनी खिडकीशी बसल्या. त्यांनी सीटवरचा रुमाल उचलला, घडी करून गजाननरावांच्या खिशात घातला आणि हात खिडकीबाहेर काढून मला हलवून दाखवला.